नॉर्मन पेटी आणि क्लोव्हिसचे ध्वनिमुद्रणगृह

ध्वनिमुद्रिकेच्या तबकडीवर मध्यभागी जो गोल कागद चिकटविलेला असतो, त्यावर गीताच्या नावाखाली बारीक अक्षरांत काही आडनावे छापलेली असतात. ही आडनावे शब्दकाराची व स्वररचनाकाराची होत, असा संकेत आहे. ज्यांची नावे तेथे येतात त्यांना त्या गीताच्या विक्रीतून व नभोवाणीवरील प्रक्षेपणातून द्रव्यलाभ होत राहतो, हा त्या संकेताचा व्यावहारिक अर्थ होय. गायकाचे नाव निराळे, ठळक अक्षरांत येते. परंतु मायक्रोफोन कोठे ठेवावयाचा हे ज्याने ठरविले, कोणता ध्वनी पुढे आणावयाचा व कोणता मागे सारावयाचा याचा ज्याने निर्णय केला, त्याच्याकरिता १९५५ च्या सुमारास या कागदावर जागाच नव्हती. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याचे रहिवासी, वादक आणि ध्वनिमुद्रक नॉर्मन पेटी (१९२७–१९८४) यांनी ती जागा मिळविली. पण ती शब्दकार व स्वरकार यांच्या रांगेत शिरून मिळविली. पेटी यांच्या कार्याचा विचार करताना त्यांचे कौशल्य आणि त्यांचे हे शिरणे यांचा एकत्रच विचार करावा लागतो. एकास बाजूस सारले असता दुसरे नीट उमगत नाही.

त्यांचे आडनाव वाचून मराठी वाचकास बाजाची पेटी आठवली तर त्यात नवल नाही. योगायोग असा की हे गृहस्थ खरोखरच ऑर्गनवादक होते.

क्लोव्हिस हे गाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. गावाजवळच्या उत्खननात जी दगडी भाल्याची पाती सापडली, त्यांवरून उत्तर अमेरिकेतील एका अतिप्राचीन संस्कृतीस या गावाचे नाव मिळाले. आजचे गाव मात्र रेल्वेने वसविलेले. सभोवार सपाट, वृक्षहीन पठार, पूर्वेस अगदी जवळ टेक्ससची सीमा आणि आग्नेयेस सुमारे १०० मैलांवर लबक हे त्यातल्या त्यात मोठे शहर. संगीताचा व्यवसाय त्या काळी न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस आणि नॅशव्हिल येथे एकवटला होता. क्लोव्हिसपासून ही सर्व ठिकाणे सारखीच दूर होती. पेटी यांचा जन्म २५ मे १९२७ रोजी येथेच झाला. वडिलांचा मोटारींना पेट्रोल पुरविण्याचा व दुरुस्तीचा धंदा होता. मुलगा लहानपणीच पियानो वाजवू लागला आणि तरुणपणी गावच्या नभोवाणी केंद्रावर काम करू लागला. वाद्य आणि यंत्र या दोहोंशी त्यांचा संबंध असा एकदमच जुळला, आणि पुढे तो कधी सुटला नाही.

१९४८ मध्ये त्यांचा व्हायोलेट ब्रेडी यांच्याशी विवाह झाला. व्हाय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बाई स्वतः उत्तम पियानोवादक होत्या. पती ऑर्गनवर, पत्नी पियानोवर आणि जॅक व्हॉन हे गिटारवर, असे एक त्रिकूट तयार झाले. नाचाच्या व भोजनाच्या मेळाव्यांतून हे तिघे मृदू, सफाईदार संगीत वाजवीत. त्यांनी स्वतःच्या मुद्रिकांकरिता जे नाव योजिले ते भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारे आहे. नॉर्मन, व्हाय व जॅक या तीन नावांचे आद्यांश जोडून त्यांनी ‘नॉर-व्हा-जॅक’ असा एक नवा शब्द घडविला. या शब्दात तिघांचा वाटा समान दिसतो. पुढे याच नावाच्या प्रकाशनसंस्थेत इतरांच्या गीतांचे हक्क जमा होत गेले. तेव्हा ही समानता कितपत टिकली, हा प्रश्न या लेखात पुढे येणारच आहे.

१९५४ मध्ये ड्यूक एलिंग्टन यांच्या ‘मूड इंडिगो’ या प्रसिद्ध रचनेचे या त्रिकुटाने केलेले ध्वनिमुद्रण बरेच लोकप्रिय झाले. हाती आलेल्या पैशातून पेटी यांनी वडिलांच्या पेट्रोलच्या दुकानाशेजारच्या एका जुन्या इमारतीत ध्वनिमुद्रणगृह उभारले. ते मुख्यतः स्वतःच्या त्रिकुटाकरिता होते. परक्या गावच्या ध्वनिमुद्रणगृहात आपली वाद्ये आपल्याला हवी तशी उमटत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. एका वादकाने कानाच्या हट्टापायी यंत्रे विकत घेतली, असेच या उद्योगाच्या प्रारंभाचे वर्णन करावे लागते.

ही वास्तू लहान होती. तिच्यात मुद्रणाचा एक कक्ष, काचेपलीकडे यंत्रांची खोली, पुढे आगतस्वागताची जागा आणि मागे राहण्याच्या खोल्या होत्या. दुरून आलेले वादक तेथेच जेवीत व झोपत. रस्त्यावरून जाणाऱ्या मालमोटारींचा आवाज आत येई म्हणून काम बहुधा रात्री चाले, असे सांगतात. शेजारी वडिलांच्या गॅरेजच्या माळ्यावर पेटी यांनी एक प्रतिध्वनिकक्ष बांधला होता. त्याची रचना साधी, पण समजून घेण्याजोगी आहे. खाली गायक गात असता त्याचा आवाज तारेने वर नेऊन त्या रिकाम्या, कठीण भिंतींच्या खोलीत एका ध्वनिवर्धकातून सोडावयाचा. तो भिंतींवर आपटून घुमू लागला म्हणजे तेथेच ठेवलेल्या दुसऱ्या मायक्रोफोनने तो टिपावयाचा आणि खाली आणून मूळ आवाजात हवा तितका मिसळावयाचा. गायक प्रत्यक्षात छोट्या खोलीत, मायक्रोफोनच्या अगदी जवळ उभा. पण ऐकणाऱ्यास तो विस्तीर्ण जागेत असल्याचा भास होई. जवळीक आणि विस्तार हे दोन्ही एकदम साधता येत, आणि त्यांचे प्रमाण एका मुठीच्या फिरविण्यावर अवलंबून असे.

यंत्रांपेक्षाही महत्त्वाची होती ती पेटी यांची आकारणीची पद्धत. मोठ्या शहरांत ध्वनिमुद्रणगृहाचे भाडे तासावर असे आणि वादकसंघाच्या नियमांनुसार तीन तासांच्या एका बैठकीत साधारणतः चार गीते उरकली जात. घड्याळ भिंतीवर असले तरी त्याचा काटा जणू गायकाच्या मानेवर असे. पेटी यांनी तासाचा हिशेब सोडून गीतामागे मोबदला घ्यावयास प्रारंभ केला. गीत मनाजोगे होईपर्यंत रात्र सरली तरी चालेल, असा त्याचा अर्थ होता. जे तरुण वादक तेथे येत त्यांपैकी बहुतेकांस स्वरलेखन वाचता येत नव्हते. गीत वाजविता वाजविता घडवावयाचे, हीच त्यांची रीत होती. अशांना वेळ हीच खरी सामग्री. क्लोव्हिसच्या यशाचे श्रेय कोणी मायक्रोफोनला, तर कोणी त्या माळ्यावरच्या खोलीला देतात. परंतु तसे मायक्रोफोन व तशा खोल्या इतरत्रही होत्या. न मोजलेला वेळ मात्र फारच थोड्या ठिकाणी होता.

ही वार्ता पठारावरच्या गावांतून लवकरच पसरली. १९५६ च्या आरंभी रॉय ऑर्बिसन हा टेक्ससचा तरुण आपल्या साथीदारांसह आला आणि ‘ऊबी डूबी’ हे गीत मुद्रित करून गेला. पुढे हेच गीत त्याने मेम्फिस येथील सन कंपनीकरिता पुन्हा गाइले. त्याच वर्षी बडी नॉक्स याने ‘पार्टी डॉल’ क्लोव्हिस येथे मुद्रित केले. १९५७ मध्ये ते देशभर अग्रभागी पोहोचले. पेटी यांची स्वतःची अभिरुची या रांगड्या संगीताशी फारशी जुळणारी नव्हती. तथापि आपल्याला न आवडणाऱ्या संगीताचाही ध्वनी स्वच्छ यावा, ही ध्वनिमुद्रकाची निष्ठा त्यांच्या ठायी होती.

यानंतर येतो लबकचा चार्ल्स हार्डिन हॉली, म्हणजेच बडी हॉली. १९३६ मध्ये जन्मलेल्या या तरुणाच्या घराण्याच्या आडनावात अंत्य अक्षरापूर्वी एक ‘ई’ होता. १९५६ मध्ये डेक्का कंपनीने करारपत्रात तो गाळला आणि चुकीचे रूपच जगप्रसिद्ध झाले. लेखनदोषातून रूढ झालेल्या विशेषनामांच्या यादीत हे एक अलीकडचे उदाहरण म्हणून घालावयास हरकत नाही. डेक्काने त्या वर्षी नॅशव्हिल येथे त्याच्या तीन बैठका घेतल्या आणि मुद्रिका न खपल्यामुळे करार पुढे चालविला नाही. या बैठकांत २२ जुलै १९५६ रोजी मुद्रित झालेले एक गीत होते ‘दॅट’ल बी द डे’. ते हॉली व त्याचा ढोलवादक जेरी ॲलिसन यांनी मिळून रचिले होते.

हेच गीत २५ फेब्रुवारी १९५७ रोजी क्लोव्हिस येथे पुन्हा मुद्रित झाले. हेतू इतकाच की एखाद्या कंपनीस दाखविण्याकरिता नमुना तयार व्हावा. तो नमुनाच जसाच्या तसा २७ मे १९५७ रोजी ब्रन्सविक या छापाखाली प्रसिद्ध झाला आणि सप्टेंबरात देशात पहिल्या क्रमांकावर गेला. डेक्काच्या करारान्वये तेथे मुद्रित केलेली गीते पाच वर्षे अन्यत्र गाण्यास हॉलीला मनाई होती. म्हणून मुद्रिकेवर त्याचे नाव न घालता ‘द क्रिकेट्स’ असे वाद्यवृंदाचे नाव घातले गेले. गंमत अशी की ब्रन्सविक हा छापही डेक्काच्याच मालकीचा होता.

या दोन मुद्रणांकडे एखाद्या ग्रंथाच्या दोन हस्तलिखितांकडे पाहावे तसे पाहता येते. शब्द तेच आहेत, चाल तीच आहे, गायकही तोच. तरीही नॅशव्हिलच्या पाठात आवाज ताणलेला आहे आणि वाद्ये त्याच्याभोवती अवघडून उभी आहेत. क्लोव्हिसच्या पाठात आवाज सैल झाला आहे, गिटारचा आरंभ ठसठशीत आहे आणि मागून साथीच्या आवाजांची झालर आली आहे. दुसरा पाठ सरस आहे याविषयी दुमत नाही. परंतु लेबलावर पाहिले तर हॉली व ॲलिसन यांच्या जोडीला आणखी एक रचनाकार उगवलेला दिसतो, आणि तो म्हणजे पेटी. पेटी यांच्याकडे येण्यापूर्वीच हे गीत पुरे झाले होते, याचा पुरावा नॅशव्हिलच्या फितीत कायमचा नोंदलेला आहे. पाठचिकित्सेच्या दृष्टीने याहून स्पष्ट साक्ष दुर्मिळ होय.

इतर गीतांच्या बाबतीत मात्र निवाडा इतका सोपा नाही. १९५७ च्या मे महिन्याअखेर मुद्रित झालेले ‘एव्हरीडे’ हे गीत घ्यावे. त्यात ढोल नाही. ॲलिसन आपल्या मांड्यांवर थापा मारून ठेका धरतो, आणि त्यावर व्हाय पेटी सेलेस्टा या वाद्याचे घंटिकेसारखे स्वर वाजवितात. सेलेस्टाची पट्टी पियानोसारखी असते. पण तिच्या हातोड्या तारांऐवजी धातूच्या पट्ट्यांवर पडतात. रॉक अँड रोलच्या गाण्यात हे वाद्य त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसते. ते तेथे होते, कारण घर एका अभिजात वळणाच्या वादक दांपत्याचे होते. ‘नॉट फेड अवे’ या गीतात तर ॲलिसनने कागदी पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेका वाजविला आहे. मांडीवरची थाप आणि पुठ्ठ्यावरचा आघात हे अतिक्षीण ध्वनी होत. मायक्रोफोनने ते उचलले आणि यंत्राने त्यांना गायकाच्या बरोबरीचे स्थान दिले, म्हणूनच ते संगीत झाले. ही गीते सभागृहात जशीच्या तशी वाजविणे त्या वेळी अशक्य होते. फितीबाहेर त्यांना अस्तित्व नव्हते.

‘पेगी स्यू’ हे जून-जुलै १९५७ मध्ये मुद्रित झालेले गीत या दृष्टीने सर्वांत अभ्यसनीय आहे. ॲलिसनचे ढोल इतके दणदणीत वाजत होते की त्याला उचलून बाहेरच्या स्वागतकक्षात बसविण्यात आले. त्याच्या ढोलाचा आवाज माळ्यावरच्या प्रतिध्वनिकक्षात पाठविणारी मूठ पेटी वाजविता वाजविता उघडीत व मिटीत राहिले. त्यामुळे एकाच जागी वाजणारा ढोल क्षणात जवळ येतो, क्षणात दूर जातो, आणि ठेक्याच्या आत आणखी एक ठेका निर्माण होतो. हे करताना पेटी तंत्रज्ञ होते की वादक? त्यांच्या हातात टिपरू नव्हते, इतकाच काय तो भेद. याच गीतात हॉलीला उजवा हात क्षणभरही थांबविता येत नव्हता. म्हणून त्याच्या गिटारवरील कळ फिरविण्याकरिता दुसरा गिटारवादक निकी सलिव्हन गुडघे टेकून बसला होता. म्हणजे एक वाद्य दोघांनी वाजविले आणि एक ढोलही दोघांनी वाजविला!

हॉलीच्या गायनाविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. त्याच्या गाण्याची सर्वांच्या लक्षात राहिलेली लकब म्हणजे शब्दाच्या स्वराचे तुकडे पाडणे. ‘स्यू’ हे एकाक्षरी नाव तो तीनचार अक्षरांइतके लांबवितो. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी कंठद्वार क्षणभर मिटते आणि झटक्याने उघडते, व त्याच क्षणी आवाज वर उडी घेऊन खाली येतो. इंग्रजी टीकाकार याला उचकी म्हणतात. पण हे नाव वरवरचे आहे. मराठीत ‘स्वर’ हा एकच शब्द वर्णमालेतील स्वरासही लावतात आणि गाण्यातील स्वरासही. हॉलीच्या लकबीचे वर्णन करावयास हा द्व्यर्थी शब्द इंग्रजीतील दोन वेगळ्या शब्दांपेक्षा अधिक सोयीचा पडतो, कारण येथे उच्चारातील स्वर मोडतो आणि त्याच मोडीवर गाण्यातील स्वर बदलतो. या दोन क्रिया निराळ्या करून दाखविता येत नाहीत. आपल्या गायनातील खटक्याशी याचे दूरचे साम्य आहे. परंतु खटक्यात स्वर गुंफले जातात, तर येथे उच्चार तोडला जातो. ही तोड अत्यंत बारीक असते. दहा हातांवरील श्रोत्याला ती ऐकूही जाणार नाही. ओठांपासून वीतभर अंतरावर ठेवलेल्या मायक्रोफोनलाच ती कळते. गायकाने ती लकब आणली हे खरे. परंतु ती ऐकू येण्याची सोय ध्वनिमुद्रकाने केली हेही तितकेच खरे.

एकाच गायकाचा आवाज दुहेरी करण्याचा प्रयोगही क्लोव्हिसला झाला. लेस पॉल व मेरी फोर्ड यांनी १९५१ मध्ये ही युक्ती देशभर लोकप्रिय केली होती. एप्रिल १९५७ मध्ये ‘वर्ड्‌स ऑफ लव्ह’ या गीतात हॉलीने आपल्याच आवाजाला आपली साथ दिली. एका यंत्रावर पहिली फीत वाजवावयाची, ती ऐकत गायकाने नव्याने गावयाचे आणि दोहोंचे मिश्रण दुसऱ्या यंत्रावरच्या कोऱ्या फितीवर उतरवावयाचे, अशी ही कृती. प्रत्येक खेपेस फितीची सरसर वाढते, आणि एकदा मिसळलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत. म्हणून पहिल्या खेपेसच शेवटच्या खेपेचा विचार करावा लागतो. बीटल्स या ब्रिटिश वृंदाने १९६४ मध्ये हेच गीत गाइले. त्यांच्यापैकी काही जणांनी १९५८ मध्ये लिव्हरपूल येथे आपली पहिली खाजगी तबकडी केली होती, तीवरही ‘दॅट’ल बी द डे’ हेच गीत होते.

क्लोव्हिसला सप्टेंबर १९५८ मध्ये घडलेली एक बैठक भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने आवर्जून ऐकावी अशी आहे. हॉलीने आपला मित्र वेलन जेनिंग्ज यास पुढे आणण्याकरिता त्याच्याकडून ‘झोल ब्लॉन’ हे गीत गाऊन घेतले. सॅक्सोफोनवर किंग कर्टिस हे न्यूयॉर्कहून आलेले वादक होते. गीत लुइझियाना राज्यातील केजन फ्रेंच बोलीतले, हॅरी शोट्स यांनी १९४६ मध्ये गाजविलेले. त्याचे नावच मूळ फ्रेंच शब्दांचे कानाला लागेल तसे केलेले लेखन आहे. हॉली व जेनिंग्ज या दोघांनाही ती बोली येत नव्हती. तबकडी ऐकून ध्वनींचा जो अंदाज बांधता आला तो जेनिंग्जने गाइला. अर्थ पूर्णपणे गळाला, पण लय, आघात आणि नासिक्यांचा काहीसा ठसा राहिला. परभाषा केवळ कानाने ग्रहण केली असता तिच्यातील कोणते घटक आधी पोहोचतात, याचा हा आयता नमुना फितीवर राहून गेला आहे.

आता श्रेयाच्या प्रश्नाकडे वळावयास हवे. ‘एव्हरीडे’ व ‘नॉट फेड अवे’ यांवर चार्ल्स हार्डिन या नावाच्या आड हॉली आणि त्याच्या शेजारी पेटी, अशी नोंद झाली. ‘पेगी स्यू’वर आरंभी ॲलिसन व पेटी हीच दोन नावे होती. हॉलीचे नाव नंतर घातले गेले. सनी वेस्ट व बिल टिलमन यांनी रचिलेल्या ‘ओ बॉय’ या गीतावरही पेटी हे तिसरे नाव आले. आपले नाव नभोवाणीच्या निवेदकांस परिचित असल्याने ते लेबलावर असणे मुद्रिकेच्या हिताचे आहे, असे याचे समर्थन केले जाई. या समर्थनात काही तथ्य असले तरी जाहिरातीकरिता घातलेल्या नावाला रचनाकाराचा वाटा का मिळावा, याचे उत्तर त्यात नाही. शिवाय पेटी हे या वृंदाचे व्यवस्थापकही झाले होते, प्रकाशनसंस्था त्यांचीच होती आणि पैशाचा हिशेबही त्यांच्याच हाती होता. एकाच व्यक्तीने दुकान, तराजू आणि वही तिन्ही सांभाळली म्हणजे गिऱ्हाइकास वजन तपासावयाचे साधन उरत नाही. ही मुले विशीच्या आगेमागे होती.

मराठी नाटकाच्या संगीतात यासंबंधी एक निराळी रूढी आढळते. छापील नाटकात पदाच्या माथ्यावर राग व ताल यांच्याबरोबर ‘चाल’ या शब्दापुढे मूळ गीताचा निर्देश असे. पद ज्या गाण्यावर बेतले त्याचे ऋण कागदावरच मान्य केले जाई. ‘मानापमान’ (१९११) या नाटकाची पदे खाडिलकरांची आणि चाली गोविंदराव टेंबे यांच्या, हे रसिकांस पाठ होते. या रूढीत शब्दकार, चाल देणारा व चालीचा उगम अशा निरनिराळ्या वाट्यांना निरनिराळे शब्द होते. अमेरिकेतील लेबलाच्या कंसात असा भेद नव्हता. सर्व आडनावे एकाच रांगेत येत. ध्वनी घडविणाऱ्याला वेगळे नाव नसल्यामुळे तो रचनाकाराच्या नावाखाली वावरू शकला. यावरून पेटी यांचे वर्तन समर्थनीय ठरत नाही. ‘दॅट’ल बी द डे’वरचे नाव अन्यायाचे होते असेच म्हणणे प्राप्त आहे. पण ‘पेगी स्यू’च्या ढोलात जे ऐकू येते ते पेटी यांच्या बोटांचे काम होते, आणि ज्याचे नाव त्या गीतावर आरंभी नव्हतेच तो त्याचा गायक होता, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

हॉलीने ऑगस्ट १९५८ मध्ये विवाह केला, तो न्यूयॉर्कला राहावयास गेला आणि त्या वर्षाच्या अखेरीस पेटी यांच्यापासून वेगळा झाला. ॲलिसन व ढोबळ आवाजाचे बास वाजविणारा जो मॉल्डिन हे क्लोव्हिसलाच राहिले. पैशाचा हिशेब मिटला नव्हता. हाती रोकड नसल्यामुळे हॉलीने ऐन हिवाळ्यात मध्यपश्चिमेकडील गावांचा दौरा पत्करला. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी आयोवा राज्यातील क्लिअर लेकजवळ त्याचे विमान कोसळले. त्या वेळी तो २२ वर्षांचा होता.

त्याच्या न्यूयॉर्कच्या घरी, मृत्यूपूर्वीच्या थोड्या आठवड्यांत, केवळ गिटारच्या साथीवर गाइलेल्या गीतांच्या काही फिती मागे राहिल्या होत्या. प्रथम १९५९ मध्ये न्यूयॉर्क येथे जॅक हॅन्सन यांनी त्यांवर वाद्ये व साथीचे आवाज चढविले. पुढे हॉलीच्या मातापित्यांनी ते काम पेटी यांच्याकडे सोपविले, आणि पेटी यांनी क्लोव्हिसला फायरबॉल्स या वृंदाकडून त्या फितींवर नव्याने साथ वाजवून घेतली. ज्यांच्याशी हॉलीचे संबंध तुटले होते त्यांच्याच हाती त्याचा आवाज अशा रीतीने परत आला. १९६३ मध्ये ‘रेमिनिसिंग’ या संग्रहातून यांपैकी काही गीते प्रसिद्ध झाली आणि ब्रिटनमध्ये फार लोकप्रिय ठरली. साथीदार गायकाचे अनुसरण करतो हा नेहमीचा नियम. येथे गायक यत्किंचितही बदलणार नव्हता, आणि एकट्या माणसाची घरगुती लय जेथे किंचित डगमगते तेथे सगळ्या वाद्यांनी त्याच्याबरोबर डगमगावयाचे होते. फायरबॉल्सनी हे फार सांभाळून केले आहे. तरीही २००९ मध्ये मूळ फिती वाद्यांवाचून प्रकाशित झाल्यानंतर एका गीताचे तीन पाठ शेजारी ठेवून ऐकता येऊ लागले, तेव्हा मूळ पाठातील शांतता किती बोलकी होती हेही कळून आले.

हॉलीनंतर क्लोव्हिसचे काम थांबले असा समज रूढ आहे, पण तो बरोबर नाही. स्ट्रिंग-अ-लाँग्ज या टेक्ससच्या वृंदाचे ‘व्हील्स’ हे गिटारवादन १९६१ मध्ये देशभर गाजले. जिमी गिल्मर व फायरबॉल्स यांचे ‘शुगर शॅक’ हे गीत १९६३ च्या शरदात पाच आठवडे प्रथम स्थानी होते. त्यातील शीळ घातल्यासारखा कानात राहणारा स्वर सोलोव्हॉक्स या छोट्या विद्युत्-वाद्याचा. तो मागाहून चढविलेला आहे. पुढे पेटी यांनी गावातील मेसा नावाचे जुने चित्रपटगृह घेऊन त्याचे मोठे ध्वनिमुद्रणगृह केले आणि एक नभोवाणी केंद्रही चालविले. या विस्तीर्ण वास्तूतील काम तांत्रिकदृष्ट्या अधिक सुसज्ज होते. पण सातव्या रस्त्यावरील त्या कोंदट खोलीतल्या पंधरा महिन्यांची बरोबरी त्याने केली नाही.

हॉलीच्या गीतांचे प्रकाशनहक्क १९७० नंतरच्या दशकात पॉल मॅकार्टनी यांच्या संस्थेने विकत घेतले. पेटी यांचा मृत्यू १५ ऑगस्ट १९८४ रोजी लबक येथे रक्ताच्या कर्करोगाने झाला. त्यांच्या पश्चात व्हाय पेटी १९९२ पर्यंत होत्या. सातव्या रस्त्यावरील मूळ ध्वनिमुद्रणगृह जतन करण्यात आले असून आगाऊ कळविल्यास ते पाहावयास मिळते. ‘पेगी स्यू’च्या रचनाकारांत आता हॉली, ॲलिसन व पेटी अशी तीन नावे दिली जातात.